ड्रेन नट नुसताच फिरतोय? जुन्या बुलेटचे गेलेले आटे आणि आम्ही दिलेला एक चुकीचा सल्ला



बंदीचे दिवस चालू आहेत. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर जेटीला बांधलेले, जाळी दुरुस्तीला काढलेली, इंजिनांची खोलाखोल सुरू. याच दिवसांत आपण घरच्या दुचाक्याही बघतो. जेटीवरून बाजारात मासे पोचवणाऱ्या गाड्या वर्षभर खाऱ्या पाण्यात भिजतात, आणि पावसात सवड असते म्हणून ऑइल बदलायला घेतात.

या आठवड्यात दोघा सभासदांनी कार्यालयात येऊन एकच प्रश्न विचारला: "ऑइल काढलं, नवीन भरलं, पण खालचा ड्रेन नट घट्टच होत नाही. नुसता फिरतोय. काय करायचं?"

हाच प्रश्न गेल्या वर्षी आम्हाला एका सभासदाने विचारला होता. त्याच्याकडे वडिलांची जुनी बुलेट आहे, कास्ट आयर्न इंजिनाची. वडील त्याच गाडीवर मागे पेट्या बांधून बांगडे, इसवण बाजारात न्यायचे. ते गेल्यावर मुलाने गाडी विकली नाही. बंदीत त्याने स्वतःच ऑइल बदलले आणि नट लागेना. तो आमच्याकडे आला. आमच्यापैकीच एकाने चहा पिता पिता सांगितले, "टेप गुंडाळ दोन वेढे, वरून लांबी मार. चालतंय." बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याने तसेच केले.

हंगाम सुरू झाल्यावर दुसऱ्याच आठवड्यात, पहाटे मागे दोन पेट्या बांधून निघाला असताना, उतारावरच्या वळणावर नट गळून पडला. गरम ऑइल मागच्या टायरवर गेले. गाडी पायाखालून निसटली. मनगट मोडले. मासे रस्त्यावर. दीड महिना तो होडीवर जाऊ शकला नाही, आणि ऐन हंगामात खलाशी कमी पडला. मागून मोठी गाडी येत नव्हती म्हणून एवढ्यावर निभावले.

दोष टेपचा नाही, आमचा आहे. माहीत नसताना आम्ही "चालतंय" म्हणालो. म्हणून यावेळी प्रश्न आला तेव्हा आम्ही ठरवले की नीट विचारून, समजून घेऊन आणि स्वतः काम होताना बघून मगच लिहायचे. ती बुलेट नंतर लेथवाल्याकडे दुरुस्त झाली, तेव्हा आम्ही शेजारी उभे होतो. तिथे जे शिकलो ते खाली देत आहोत.

नाव कास्ट आयर्न, पण तळ ॲल्युमिनियमचा

बुलेट मुळात इंग्लंडची. १९५५ साली मद्रासमध्ये एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, तेव्हा सुरुवातीला तिकडून आलेले भाग इथे जोडले जात. पुढे पूर्ण गाडी इथेच बनू लागली, पण इंजिनाचा आराखडा बरीच वर्षे तोच राहिला. जुन्या इंजिनाला आपण 'कास्ट आयर्न' म्हणतो, कारण त्याचा सिलिंडर ओतीव लोखंडाचा असतो. त्यावरून अनेकांना वाटते की अख्खे इंजिनच लोखंडी, कितीही आवळा. तसे नाही. खालचे चेंबर ॲल्युमिनियम मिश्रधातूचे आहे, आणि ड्रेन नट त्यातच बसतो.

नट पोलादी, आटे ॲल्युमिनियमचे. दोघांची झटापट झाली तर मऊ धातू हरणार. नट शाबूत राहतो आणि चेंबरमधले आटे सोलून निघतात. म्हणून नवीन नट आणून प्रश्न सुटत नाही. बिघाड नटात नसतो, भोकात असतो.

राजदूत, येझदी अशा जुन्या टू-स्ट्रोक गाड्यांत इंजिनाचे ऑइल पेट्रोलमधून जाते, पण त्यांच्या गिअरबॉक्सला ड्रेन नट असतोच. तिथेही हीच गोष्ट.

आटे जातात कशाने

पहिले कारण, गरजेपेक्षा जास्त आवळणे. हिशोब सोपा आहे. १२ ते १४ मिलिमीटरच्या ड्रेन नटाला साधारण दोन ते तीन किलो-मीटर एवढा पीळ पुरतो. म्हणजे ३० सेंटिमीटर लांबीच्या पान्याच्या टोकाला आठ किलोचा जोर दिला की झाले २.४ किलो-मीटर. आता त्याच पान्याला पाइप जोडून लांबी ६० सेंटिमीटर केली आणि अंग टाकून ३० किलोचा जोर लावला, तर होतात १८ किलो-मीटर. साडेसातपट. ट्रॉलरच्या इंजिनावर काम करणाऱ्या हाताला तो जोर काहीच वाटत नाही. ॲल्युमिनियमला वाटतो.

दुसरे कारण, वायसर. नटाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर ऑइल अडवतो. आटे ऑइल अडवत नाहीत, ते फक्त वायसर दाबून धरतात. वायसर जुना, कडक झाला की ऑइल पाझरते. मग माणूस अजून आवळतो. पुन्हा पाझरते, पुन्हा आवळतो. काही रुपयांचा वायसर वाचवायला जातो आणि चेंबर घालवून बसतो.

तिसरे, उलट फिरवणे. गाडीखाली आडवे पडून काम करताना डावे-उजवे चुकते. नियम एकच: नटाच्या डोक्याकडे तोंड करून बघायचे, घड्याळाच्या काट्याच्या उलट फिरवले की सुटतो. वरून वाकून, हात खाली घालून फिरवणारे कित्येकदा सोडवतोय असे समजून आवळत असतात.

चौथे, चुकीचा नट. इंग्लंडच्या आराखड्याच्या जुन्या इंजिनांत इंचाच्या मापाचे आटे सापडतात, आणि बाजारात मिळतात मेट्रिक नट. इंचाला २६ आटे म्हणजे दोन आट्यांमधले अंतर ०.९८ मिलिमीटर. मेट्रिकचा एक मिलिमीटरचा आटा त्याच्या इतका जवळ आहे की नट दोन-तीन फेरे हाताने आत जातो. पुढे अडतो. तिथे "गंज असेल" म्हणून पाना लावला की संपले. काही इंची आट्यांचा कोन ५५ अंशांचा असतो, मेट्रिकचा ६० अंशांचा. तेही जुळत नाही. हाताने सुरुवातीपासून शेवटपर्यंत सहज जात नसेल तर तो नट त्या भोकाचा नाही.

पाचवे कारण खास आपले. मागच्या पेटीतले बर्फाचे पाणी. माशांचे खारट पाणी गळून चेंबरवर जाते, खाली नटाशी थांबते. पोलाद आणि ॲल्युमिनियम एकत्र, मध्ये खारे पाणी: यात ॲल्युमिनियम खाल्ले जाते. नटाच्या कडेला पांढरी भुकटी दिसते ती हीच. होडीवर ॲल्युमिनियमच्या पट्टीत स्टीलचा बोल्ट बसवला की काय होते ते आपण सगळ्यांनी पाहिले आहे. गाडीखाली तेच होते, फक्त आपण वाकून बघत नाही.

आधी खात्री करा

नट पाझरतो म्हणजे आटे गेलेच असे नाही. घाईने ड्रिल घेऊ नका.

नट काढा, पुसा, बघा. नटाच्या खाचांत चंदेरी तारेसारखे काही अडकले असेल तर ते चेंबरचे आटे आहेत. नट स्वच्छ असेल तर नवीन वायसर घालून हाताने लावा, मग आखूड पान्याने हलकेच आवळा. जोर हळूहळू वाढत जाऊन नट एका जागी ठामपणे थांबला, तर आटे ठीक आहेत, दोष वायसरचा होता. जोर वाढतो, आणि मग अचानक नरम पडून नट पुढे सरकतो, तर थांबा. तिथून पुढचा प्रत्येक फेरा उरलेले आटे खातो.

चेंबरला नटाभोवती बारीक चीरही असू शकते. रॉकेलने पुसून कोरडे करा, वर खडूची पूड चोळा, थोडा वेळ ठेवा. चीर असेल तर तिच्या रेषेवर ऑइल उमटते. चीर असेल तर खालचे उपाय तुमच्यासाठी नाहीत. इंजिन उतरवून, उघडून, ॲल्युमिनियमचे आर्गन वेल्डिंग करणाऱ्याकडेच न्यावे लागेल.

आणखी एक. जुन्या बुलेटला इंजिन, गिअरबॉक्स आणि क्लचकडचा चेनकेस या तिघांचे ऑइल वेगवेगळे. खाली एकापेक्षा जास्त नट दिसतात. आपण कोणाचा नट काढतोय ते आधी पक्के करा. आणि कुठलाही ड्रेन नट सोडवण्याआधी वरचे भरायचे बूच उघडते का ते बघा. ऑइल काढून बसलात आणि भरायचे बूच गंजून बसले असेल, तर गाडी तिथेच राहते.

काय करू नये

टेप नको. नळाची पांढरी टेप आटे भरून काढत नाही. तिचे धागे सुटून ऑइलमध्ये जातात, पंपाच्या जाळीत किंवा वाटेत अडकतात.

मळून लावायची लांबी नको. ऑइल लागलेल्या, तापणाऱ्या, थरथरणाऱ्या धातूवर ती धरत नाही. धरली तरी पुढच्या वेळी ऑइल काढायला तीच फोडावी लागते.

जाड नट ठोकून, पिळून बसवणे नको. स्वतःच आटे पाडत जाणारे जाड नट मिळतात. हाताने लावताना ते हमखास तिरके जातात. तिरका नट वायसरला एकाच बाजूला दाबतो, आणि चेंबरला तडा जाऊ शकतो.

आणि नट सैल असताना "बाजारापर्यंतच जायचंय" नको. गाडी टेंपोत घाला. जुन्या बुलेटमध्ये दोन लिटरहून जास्त ऑइल असते, नट पडला तर ते सगळे मागच्या चाकाच्या वाटेवर सांडते. त्याचे पुढे काय होते ते वर लिहिले आहे.

कोणता उपाय कधी

एक: तोंडाजवळचेच आटे गेले असतील आणि आत खोलवर चांगले आटे शिल्लक असतील, तर त्याच मापाचा थोडा लांब नट चालतो. नट आवळल्यावर बहुतेक भार तोंडाजवळच्या तीन-चार आट्यांवर येतो, म्हणून तेच आधी जातात. आतले कधी कधी नव्यासारखे असतात. टॉर्च मारून बघा. पण लांब नट आत कशाला टेकत नाही ना, हे आधी तारेने खोली मोजून ठरवा. टेकला तर वायसर दाबला जाणार नाही, किंवा आतले काही फुटेल.

दोन: सगळे आटे गेले, पण भोकाभोवतीचा काठ जाड आहे. मग भोक मोठे करून पुढच्या मापाचे नवे आटे पाडायचे आणि मोठा नट लावायचा. ड्रिलचे माप काढायचा नियम मेट्रिकमध्ये सोपा आहे: नटाचा व्यास वजा आट्यांचे अंतर. १४ मिलिमीटरचा, दीडच्या आट्याचा नट असेल तर ड्रिल साडेबारा. १६ चा असेल तर साडेचौदा. मोठ्या नटाला मोठा वायसर लागतो, तो टेकायला सपाट जागा उरते का ते आधी बघा. हा उपाय स्वस्त आहे, पण पुन्हा आटे गेले तर अजून मोठे करायला जागा राहत नाही.

तीन: आत नवे आटे बसवणे. याचे दोन प्रकार. हेलिकॉइल म्हणजे स्टेनलेस तारेची स्प्रिंगसारखी गुंडाळी. भोक मोठे करून, किटमधल्या खास टॅपने आटे पाडून ती आत फिरवत बसवतात. दुसरा प्रकार म्हणजे बुश: बाहेरून मोठे आटे, आतून मूळ मापाचे आटे, असा लेथवर काढलेला धातूचा तुकडा. दोन्हीत मूळ मापाचा नटच परत वापरता येतो, आणि ॲल्युमिनियमपेक्षा कठीण आटे मिळतात.

ड्रेन नट वरचेवर उघडतो, बंद होतो. म्हणून आम्ही विचारले तेव्हा लेथवाल्याने बुशच सुचवला. हेलिकॉइलही चांगली, पण तिच्या टोकाला फिरवायची एक बारीक दांडी असते. बसवल्यावर ती मोडून काढावी लागते. ड्रेनच्या भोकात ती मोडून आत पडली तर शोधत बसावे लागते. हेलिकॉइल लावलीत तर ती दांडी हातात आल्याशिवाय पुढचे काम करू नका.

काम कसे झाले

आमच्या सभासदाच्या गाडीला बुश बसवला. क्रम असा होता.

गाडी दोन जाड फळ्यांवर मेन स्टँडवर घेतली आणि वर वाशाला दोराने बांधली. दोर कसा बांधायचा हे आपल्याला कोणी शिकवायला नको. गाडी आडवी केली नाही, कारण भोक खाली तोंड करून असले की ड्रिलचा कीस खालीच पडतो. पेट्रोलची टाकी काढून दूर ठेवली, बॅटरीची तार सोडवली. ड्रिलच्या ठिणगीजवळ पेट्रोल नको.

ऑइल कोमट असताना काढले. उकळते नव्हे, कोमट. थंड ऑइल नीट उतरत नाही आणि फार गरम इंजिनात हात भाजतो. काढलेले ऑइल कॅनमध्ये भरून गॅरेजला दिले. जुने ऑइल खाडीत ओतणारे अजून आहेत. आपले जाळे जिथे पडते तिथेच ते जाते, एवढेच सांगतो.

मग माप. लेथवाल्याने जुना नट घेऊन त्यावर थ्रेड गेज लावला. अंदाजाने सांगितले नाही. तुम्हीही नट सोबत घेऊनच जा.

ड्रिल सरळ जाणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे. त्याने लोखंडाचा एक जाड ठोकळा घेतला, त्यात ड्रिलच्या मापाचे सरळ भोक पाडले आणि तो ठोकळा चेंबरच्या सपाट तोंडावर घट्ट धरून त्यातून ड्रिल चालवले. नुसत्या हाताने धरलेले ड्रिल जुन्या भोकात हमखास हलते.

ड्रिलच्या आणि टॅपच्या खाचांत आधी ग्रीस भरले. कीस ग्रीसला चिकटून बाहेर येतो. टॅप अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, असा चालवला आणि दोन-तीन फेऱ्यांनंतर पूर्ण बाहेर काढून पुसला. घाईने एकदम आत नेला तर ॲल्युमिनियम टॅपला चिकटते आणि नवे आटेच सोलून निघतात.

मग धुणे. हा भाग सगळे विसरतात. वरून स्वच्छ पातळ ऑइल ओतले, खालून पांढऱ्या कापडावर घेतले. पहिल्या वेळी कापडावर चमक दिसली. दुसऱ्या वेळी कमी. चौथ्या वेळी कापड स्वच्छ आले तेव्हाच पुढचे काम. आमच्यातला एकजण लोहचुंबक घेऊन आला होता. लेथवाला हसला. ॲल्युमिनियम चुंबकाला चिकटत नाही. चुंबक फिरवून "काही नाही" म्हणणे म्हणजे न बघताच सांगणे. तो कीस पंपात किंवा बेअरिंगमध्ये गेला तर दुरुस्ती नटाची राहत नाही, इंजिनाची होते.

भोक थिनरने पुसून पूर्ण कोरडे केले, बुशच्या बाहेरच्या आट्यांना जास्त ताकदीचा थ्रेड लॉक लावला, बुश बसवला. तो तोंडाच्या पातळीपेक्षा किंचित आत ठेवला, म्हणजे वायसर बुशवर न टेकता चेंबरच्या सपाट जागेवर टेकतो. मग गाडी चोवीस तास तशीच. संध्याकाळपर्यंत द्या म्हणून मागे लागू नका. थ्रेड लॉक सुकला नाही तर पहिल्याच वेळी नटासोबत बुशही बाहेर येतो.

नट लावताना, दर वेळी

नवीन वायसर. तांब्याचा जुनाच वापरायचा असेल तर तो गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवून पाण्यात टाका, काजळी पुसा. तांबे असे केल्याने मऊ होते, पुन्हा नीट दाबले जाते. पोलादासारखे ते कडक होत नाही. वायसरला खड्डे किंवा चीर असेल तर फेकून द्या.

नटाच्या आट्यांना ऑइलचे एक बोट. खाऱ्या पाण्यातल्या गाडीला थोडे ग्रीस चालेल, पण मग आवळताना जोर अजून कमी, कारण वंगणामुळे त्याच जोरात नट जास्त ओढला जातो.

शेवटपर्यंत हाताने. मग आखूड पाना, तीन बोटांनी. वायसर दाबल्यासारखे वाटले की अगदी थोडा आणखी, आणि बस. कंपनीच्या पुस्तकात आकडा दिला असेल आणि टॉर्क पाना मिळत असेल तर तोच आकडा धरा.

ऑइल भरा. बुलेटला डीकॉम्प्रेसर दाबून, इग्निशन बंद ठेवून दहा-पंधरा किक मारा, म्हणजे पंप ऑइल ओढून घेतो. मग सुरू करा, दहा मिनिटे जागेवर चालवा, खाली कोरडा पुठ्ठा ठेवा. पुठ्ठ्यावर थेंब नको. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघा. पहिल्या फेरीला मागे पेट्या बांधू नका. रिकामी गाडी फिरवून आणा, वाकून बघा, मग कामाला लावा.

आणि मासे आणून झाल्यावर गाडी गोड्या पाण्याने धुता तेव्हा नळी एकदा चेंबरखालीही फिरवा. मागच्या पेटीचे पाणी थेट खाली न गळता बाजूला जाईल अशी एक नळी काढलीत तर उत्तम.

होडीच्या इंजिनाचे काय

हे सगळे वाचून कोणी म्हणेल, माझ्याकडे बुलेट नाही. पण आउटबोर्ड मशीनच्या खालच्या गिअरकेसला ऑइल काढायचा स्क्रू आहे, तोही ॲल्युमिनियममध्ये बसतो, आणि तो तर पाण्यातच असतो. त्याचा वायसर खराब झाला की ऑइल बाहेर येतेच, शिवाय खारे पाणी आत जाते. ऑइल दुधासारखे पांढरट दिसले की समजा पाणी शिरले. बंदीत मशीन घरी आहे तोवर तो स्क्रू काढून बघा, वायसर बदला, तीन बोटांनी लावा. रस्त्यावर बंद पडलेल्या गाडीला ढकलता येते. खडकाजवळ वारा सुटला असताना बंद पडलेल्या मशीनचे तसे नसते.

त्या सभासदाचे मनगट आता बरे आहे. त्याची आई म्हणाली होती, "बाबांची गाडी विकू नकोस, पण परत कोणाचं ऐकून जुगाड करू नकोस." त्यातले 'कोणाचं' म्हणजे आम्ही. बुश बसवल्यापासून त्याने दोनदा ऑइल बदलले, नट कोरडा आहे.

आम्हीही एक सवय बदलली. कार्यालयात कोणी काही विचारले आणि आम्हाला नक्की माहीत नसेल, तर आता आम्ही "चालतंय" म्हणत नाही. "माहीत नाही, विचारून सांगतो" म्हणतो. वेळ थोडा जास्त लागतो, एवढेच.

ज्या दोघांनी या आठवड्यात विचारले त्यांनी नट आणि वायसर घेऊन कार्यालयात या. आपण मिळून लेथवाल्याकडे जाऊ. बाकीच्यांनी आज संध्याकाळी पाऊस थांबला की टॉर्च घेऊन आपापल्या गाडीखाली एकदा बघा. खाली थेंब पडलेला असेल तर हंगाम सुरू होण्याआधीच बघून घ्या.